बॅबिंग्टन, म्हणजे बब्बाच्या वाडीचे

आमच्या नौपाड्यातल्या घरी भाचा परवा शाळेच्या प्रकल्पासाठी मेकॉलेची माहिती लिहीत होता आणि ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात त्याने बिनदिक्कत ‘बॅबिंग्टन’ लिहून टाकले. त्याला हसण्याचा मला अधिकार नव्हता, कारण थॉमस बॅबिंग्टन मेकॉले हे नाव मीही कित्येक वर्षे आपल्या रीतीनेच वाचत आलो होतो: आधी स्वतःचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. प्रत्यक्षात वडिलांचे नाव झॅकरी. थॉमस बॅबिंग्टन हे मेकॉलेच्या आत्याचे यजमान. लीस्टरशरमधल्या रॉथली टेम्पल या त्यांच्या वाड्यात २५ ऑक्टोबर १८०० रोजी बाळ जन्मले आणि त्याला या यजमानांचे नाव आडनावासकट देण्यात आले. नातेवाइकाचे आडनाव मुलाच्या नावात गुंफण्याची ही इंग्रजी पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे मराठी वाचक तिथे हमखास फसतो.

चूक दुरुस्त करून विषय मिटायला हवा होता, पण या आडनावाचा अर्थ कळल्यावर मी त्यात गुंतलो. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, वाडी. ‘इंग’ हा एखाद्या माणसाशी असलेला संबंध दाखवणारा प्रत्यय. आणि ‘बब्बा’ हे चक्क एका माणसाचे नाव. म्हणजे बॅबिंग्टन ही बब्बाची वाडी. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून असलेल्या नॉर्थम्बरलंड परगण्यात ही वाडी आहे. नकाशावर आज तिची थोरली आणि धाकटी अशी दोन गावे दिसतात, मात्र त्यांची नावे ग्रेट बॅव्हिंग्टन आणि लिटल बॅव्हिंग्टन अशी झाली आहेत. गावातल्यांच्या तोंडी ‘ब’चा ‘व्ह’ झाला आणि गाव सोडून गेलेल्यांनी जुना ‘ब’ जपून ठेवला, ही गोष्ट मला फार आवडली.

नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर जमीनदार घराण्यांत वंशपरंपरेने चालणारी आडनावे रुळू लागली आणि सामान्य माणसांपर्यंत ती पुढच्या दोन-तीन शतकांत पोहोचली. सुरुवातीच्या कागदांत ही मंडळी ‘द बॅबिंग्टन’ अशी येतात. हा फ्रेंचमधला ‘द’ (de) म्हणजे आपला ‘कर’च, फक्त तो गावाच्या आधी लागतो. आमचे आडनाव नांदगावकर. नांदगावात राहणाऱ्याला कोणी नांदगावकर म्हणत नाही; वेस ओलांडून परमुलखात गेल्यावर तिथले लोक ते चिकटवतात. त्यातून महाराष्ट्रात नांदगावे कितीतरी असल्यामुळे आमचे नेमके कोणते, यावर आमची आत्या आणि थोरले काका यांचे गेली तीस वर्षे एकमत झालेले नाही. बॅबिंग्टनांच्या बाबतीतही हा घोळ आहेच, कारण नैऋत्येला सॉमरसेटमध्ये बॅबिंग्टन नावाचे आणखी एक गाव आहे. प्रत्येक बॅबिंग्टन दुसऱ्याचा भाऊबंद असेलच असे नाही.

नॉर्थम्बरलंडचे हे घराणे मात्र दक्षिणेकडे सरकत गेले. आधी ते नॉटिंगहॅमशरमध्ये आले, आणि पंधराव्या शतकात एका थॉमस बॅबिंग्टनने डर्बीशरमधल्या डेथिक गावच्या वारसदार मुलीशी लग्न केल्यामुळे तिथली जहागीर त्यांच्याकडे आली. लग्नातून जमीन आणि जमिनीमागून स्थलांतर, हा त्या काळचा राजमार्ग होता. याच डेथिकच्या अँथनी बॅबिंग्टनने १५८६ मध्ये राणी एलिझाबेथचा खून करून कैदेत असलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीला गादीवर बसवण्याचा कट केला. सांकेतिक लिपीतली पत्रे बिअरच्या पिंपातून लपवून आतबाहेर जात असत, परंतु राणीच्या हेरांनी ती लिपी केव्हाच उलगडली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अँथनीला हालहाल करून मारण्यात आले आणि पुढच्या फेब्रुवारीत मेरीचाही शिरच्छेद झाला. एका शाखेची अशी वाताहत झाली तरी रॉथलीची शाखा टिकली, आणि मेकॉलेच्या आत्याचे यजमान पुढे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत विल्बरफोर्सचे जवळचे सहकारी झाले.

हे आडनाव समुद्र ओलांडून आयर्लंडलाही गेले. तिथे १७५६ मध्ये जन्मलेला विल्यम बॅबिंग्टन लंडनला येऊन नामांकित डॉक्टर झाला आणि दगडगोट्यांच्या नादामुळे १८०७ मध्ये स्थापन झालेल्या भूवैज्ञानिक संस्थेच्या संस्थापकांपैकी एक ठरला. त्याचा मुलगा बेंजामिन गाय याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या नोकरीत तमिळ शिकून घेतली, परत जाऊन वैद्यक शिकला आणि १८२९ मध्ये घशात डोकावण्याचा आरसा तयार केला. बापाच्या सन्मानार्थ १८२४ मध्ये एका खनिजाचे नाव बॅबिंग्टनाइट ठेवण्यात आले, आणि हे खनिज आपल्या कांदिवलीच्या दगडखाणींतही सापडलेले आहे. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांना दगड जमवण्याचा छंद आहे. त्यांनी कापसात गुंडाळलेला, काडेपेटीएवढा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. प्रेहनाइट या खनिजाच्या फिकट हिरव्या गोळ्यांवर कोळशाहून काळे, काचेसारखे चकाकणारे, धारदार कडांचे चार-पाच बारीक स्फटिक होते. बब्बाच्या वाडीचे नाव कांदिवलीच्या दगडात निघावे, याचे काकांना काहीच अप्रूप नव्हते. हात हलवू नकोस, एवढेच ते दोनदा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ठाण्याहून जलद लोकलने मुंबईला गेलो आणि एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये भाच्याला स्टीफन बॅबिंग्टनचा संगमरवरी पुतळा दाखवला. मुंबई इलाख्याचे न्यायविषयक नियम सुधारण्याच्या कामाशी त्याचे नाव जोडलेले आहे आणि १८२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुढे भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला तो मेकॉलेने, त्यामुळे कायद्याच्या कामात गुंतलेल्या या दोघांना एका वंशावळीत बसवण्याचा मोह भाच्याला लगेच झाला. मी त्याला आमच्या नांदगावांची आठवण करून दिली.

घरी आल्यावर त्याने रकान्यातले नाव खोडून ‘झॅकरी’ लिहिले. ‘आत्याचे यजमान’ असा रकाना शाळेच्या तक्त्यात नसल्यामुळे बॅबिंग्टनला त्याने समासात जागा दिली आहे.