ओपन बुक म्हणून गेलो आणि तळटीपेत अडकलो: वेल्डिंग सुपरवायझर कोर्सचे चेन्नईतले बारा दिवस

चेन्नईहून परतीच्या गाडीत आहे, गुंटकल स्टेशन मागे पडलंय, साइड अपरला पाय दुमडून पडलोय आणि झोप काही येत नाहीये म्हणून हे मोबाईलवर बडवतोय, तर राग दिसला तर समजून घ्या, राग आहेच. पास झालोय हे आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल नापास झाला म्हणून बोंबलतोय.

मी चाकणला एका फॅब्रिकेशन शॉपमधे फोरमन. त्याआधी ९ वर्षं वेल्डर, रॉडचा होल्डरच हातात होता. शेडचं काम जास्त, कॉलम, राफ्टर, क्रेन गर्डर असलं. यावेळी क्लायंटने ऑर्डरमधेच घातलं की वेल्डिंगवर लक्ष ठेवणारा माणूस आयएसओ १४७३१ (वेल्डिंगच्या देखरेखीचं स्टँडर्ड) प्रमाणे क्वालिफाइड पाहिजे. मीटिंगमधे साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं, पण तोवर उशीर झाला होता. कोर्सवाल्याला फोन केला तर म्हणे परीक्षा ओपन बुक आहे, पुस्तक समोर ठेवून लिहायची, घाबरायचं काय, तुम्ही तर वेल्डर आहात, आणि मटेरियल सगळं इथेच मिळतं.

मिळतं म्हणजे विकत मिळतं, हे अंबत्तूरला पोचल्यावर कळलं.

पुण्यातून गाडी वीस-एकवीस तास घेते, थर्ड एसी काढा, उन्हाळ्यात स्लीपरने जाऊ नका, पोचल्या दिवशी क्लास ठेवू नका. सेफ्टी शूज, ग्लोव्हज, काच काय न्यायचं हे मी सांगत बसत नाही, या कोर्सला जाणाऱ्याकडे ते नसेल तर त्याने जाऊच नये. राहायला इंडस्ट्रियल इस्टेटच्या जवळच पीजी बघा, रोज बसने यायचं म्हटलं तर जीव जातो.

आता पैशाचं. फीमधे कोडबुक धरलेलं नाही आणि गेज पण नाही. पहिल्याच दिवशी काउंटरवर एडब्ल्यूएस डी१.१ ची, म्हणजे स्टील स्ट्रक्चरच्या वेल्डिंगच्या अमेरिकन कोडची, झेरॉक्स, स्पायरल बाइंड केलेली, ३,८०० रुपये, आणि गेजचं किट ८,५००. किटमधे काय, तर एक ब्रिज कॅम गेज (वेल्ड मोजायचं), फिलेट (कोपऱ्यातल्या वेल्ड) गेजच्या पानांचा सेट, एक भिंग, एक टॉर्च आणि सहा इंची स्टीलची पट्टी. पट्टी! अरे शाळेतल्या पोरांच्या कंपासमधे असते ती. असंच ब्रिज कॅम मी नागदेवी स्ट्रीटवरून दोन हजाराच्या आत घेतलेलं आहे आणि ते माझ्या चाकणच्या ड्रॉवरमधे आरामात पडलंय. एकाने स्वतःचं किट आणलेलं, त्याला म्हणाले बाहेरचं चालणार नाही, कॅलिब्रेशन नाही. मी म्हटलं मग तुमच्या किटचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवा, तर काउंटरवरचा माणूस हसला आणि पुढच्याला बोलावलं. पावती पण हातानेच लिहिलेली. तुम्ही जाणार असाल तर फी भरायच्या आधी लेखी मागा की फीत काय काय आहे, पुस्तक कुठल्या वर्षाचं, गेज कुणाचे. फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

पुस्तक कुठल्या वर्षाचं हे मुद्दाम म्हटलं. तिसऱ्या दिवशी सराव पेपरात प्रश्न आला, क्लॉज ८ प्रमाणे ही व्हिज्युअल तपासणी पास का फेल. मी क्लॉज ८ उघडला तर माझ्या पुस्तकात तिथे जुन्या स्ट्रक्चरची मजबुतीकरण-दुरुस्ती! पाच मिनिटं मलाच वाटलं आपल्याला इंग्रजी येत नाही. मग शेजारच्याने कव्हर बघितलं. माझी झेरॉक्स २०१५ च्या आवृत्तीची आणि प्रश्न २०२० वरचे. २०२० ला नंबर सरकलेत, फॅब्रिकेशन ५ चं ७ झालं, इन्स्पेक्शन ६ चं ८. आमच्या बॅचला अर्ध्या लोकांना जुनी, अर्ध्यांना नवी, हाताला येईल ती दिलेली. बदलून मागितली तर बाइंडिंगचे परत पैसे. आता तर २०२५ ची पण आलीये, म्हणजे हा घोळ अजून वाढणार. आणि झेरॉक्स घेऊच नका खरं तर, कंपनीला ओरिजिनल घ्यायला लावा, शॉपमधे लागतंच ते.

पण खरा मार बसला तो एका टेबलवर, आणि त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

प्रश्न असा होता: बेस प्लेट २५ मिमी, तिच्यावर गसेट (आधाराची प्लेट) १० मिमी, सत्तर-अठरा (ई७०१८, लो हायड्रोजन) रॉडने वेल्डिंग, कमीत कमी फिलेट किती पाहिजे. मी टेबल काढलं, २० मिमीच्या वर ८ मिमी, लिहिलं, पेन खाली ठेवलं. दहा सेकंद. मनात म्हटलं हे काय विचारतात, ९ वर्षं हेच केलंय. चूक! टेबलच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीपा आहेत. लो हायड्रोजन प्रोसेस असेल तर जाडी पातळ प्लेटची धरायची, म्हणजे १०, म्हणजे ६ ते १२ च्या ओळीत, म्हणजे ५ मिमी. साठ-तेरा (ई६०१३, साधा) रॉडने प्रीहीटचा, म्हणजे प्लेट आधी तापवायचा, हिशोब न करता मारणार असाल तर जाड प्लेट धरायची, तेव्हा ८, आणि तेही एकाच पासमधे, म्हणजे रॉडच्या एकाच फेरीत. बरं म्हटलं. मग रात्री पीजीवर आपलं आयएस ८०० (स्टील बांधकामाचा भारतीय कोड) उघडलं, २००७ चं, तर त्यात जाड प्लेटच धरतात आणि २० ते ३२ ला ६ मिमी. एकच जॉइंट, आणि उत्तरं ८, ५, ६. कोणतं बरोबर? ड्रॉइंगवर कोणता कोड लिहिलाय ते. आणि हे सगळं कमीत कमी बरं का, डिझाइनला जास्त लागत असेल तर ड्रॉइंगवरचंच मारायचं.

यामागचं कारण तिथल्या रिटायर्ड सरांनी सांगितलं, तेवढी एक सकाळ पैसे वसूल होती. जाड प्लेट थंड असते, तिच्यावर बारीकसा बीड (वेल्डची ओळ) टाकला की ती उष्णता खेचून घेते आणि बीड पटकन थंड होतो. रॉडच्या ओलाव्यातून आत गेलेल्या हायड्रोजनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, मग तो प्लेट कडक झालेली असते तिथे बसतो आणि तास-दोन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, बीडच्या कडेला खालून तडा. म्हणून जाड प्लेटला मोठा बीड, म्हणजे उष्णता जास्त. लो हायड्रोजन रॉड असेल तर हायड्रोजनच कमी, म्हणून सूट. आमच्याकडे इतकी वर्षं ‘सगळीकडे सहा मारा’ हा एकच नियम होता, तो आठवून मला तिथे बसल्या बसल्या घाम फुटला, एसी चालू असताना.

आणि सत्तर-अठराची सूट मिळते ती रॉड कोरडा असेल तर! कोडप्रमाणे रॉड ओव्हनच्या बाहेर जास्तीत जास्त ४ तास, त्याहून जास्त झाले तर २६० ते ४३० डिग्रीला किमान २ तास परत भाजायचा, तेही एकदाच, ठेवायचा ओव्हन किमान १२० डिग्री. सर म्हणाले तुमच्या शॉपमधे परत गेलात की ओव्हनला हात लावून बघा. मला बघायची गरजच नाही, आमच्या ओव्हनची पिन सहा महिने बोर्डाबाहेर आहे आणि आत डबे ठेवतात.

दुसरी ठेच प्रॅक्टिकलला. तयार तुकडे देतात, मोजायचे आणि पास-फेल लिहायचं. मला एक सुंदर फिलेट आला, एकदम गुळगुळीत, मधे हलकासा खोलगट. फिलेट गेज लावला, लेग (प्लेटवरची वेल्डची बाजू) ८, ड्रॉइंगवर ८, पास. सरांनी काही न बोलता तोच तुकडा परत माझ्यापुढे ठेवला. मग ब्रिज कॅमने थ्रोट (कोपऱ्यापासून वरपर्यंत वेल्डची जाडी) घेतला तर ४.९. आठच्या लेगला सपाट बीड असेल तर थ्रोट ०.७ ने, म्हणजे ५.६ पाहिजे. बीड खोलगट असला की लेग फसवतो, थ्रोटच मोजायचा, हे मला माहीत होतं असं मी समजत होतो. वेल्डर म्हणून मी त्या बीडच्या प्रेमात पडलो, एवढंच झालं. उलट एक खडबडीत, स्पॅटर (वितळलेले थेंब) उडालेला तुकडा मी फेल केला आणि तो पास होता. तुमचा हात चांगला असेल तर हा धोका जास्त आहे, डोळ्याला आवडलं की गेज काढायचा कंटाळा येतो.

अंडरकटचं, म्हणजे वेल्डच्या कडेला प्लेटमधे पडलेल्या खाचेचं, पण तसंच, २५ मिमीपेक्षा पातळ प्लेटला १ मिमीपर्यंत चालतो, आणि कुठल्याही ३०० मिमीत मिळून ५० मिमीपर्यंत २ मिमी चालतो, पण हे स्थिर लोडचं. क्रेन गर्डरसारखं वारंवार लोड येणारं असेल आणि वेल्ड ताणाला आडवा असेल तर मुख्य मेंबरला ०.२५ च. पाव मिमी! नखाला पण लागत नाही नीट. प्रश्नात ‘सायक्लिक’ (वारंवार लोडचं) हा एक शब्द कुठेतरी मधे लपवलेला असतो, तो पेन्सिलने गोल करा आणि मगच पुस्तक उघडा.

रविवारी मरीनाला गेलो होतो, मायलापूरचं देऊळ बघितलं, कॉफी प्यायलो, छान होतं. मेसचं जेवण ठीक. पुढे.

ओपन बुकबद्दल माझं स्पष्ट मत, ओपन बुक परीक्षा बंद पुस्तकाच्या परीक्षेपेक्षा अवघड असते. त्यांना माहितीये की उत्तर पुस्तकात आहे, म्हणून ते बरोबर तळटीपेतलं विचारतात. रंगीत टॅब विकत मिळतात, तयार लावलेले, ते घेऊ नका, स्वतःच्या हाताने लावा, लावताना जे वाचलं जातं तेच परीक्षेत सापडतं. आणि प्रत्येक टेबलवर पहिल्यांदा तळटीप वाचायची, मग आकडे.

अजून एक, कोर्सचं नाव सुपरवायझर होतं पण बारातले नऊ दिवस इन्स्पेक्टरचंच शिकवलं. बॅचमधे निम्मी पोरं गल्फला इन्स्पेक्टर म्हणून जाणारी, त्यांना तेच हवं होतं. इन्स्पेक्टर झालेला वेल्ड पास-फेल करतो, आपल्याला तो व्हायच्या आधी बघायचं असतं: डब्ल्यूपीएस (वेल्डिंग कसं करायचं त्याचा कागद) वेल्डरच्या हातात आहे का, तो त्या पोझिशनला पास आहे का, फिटअपमधे (तुकडे जुळवताना) गॅप किती, रॉड कुठून आला. हे दीड दिवसात उरकलं. आधी सिलॅबस मागा आणि दिवस मोजा.

सर्टिफिकेटवर सोनेरी अक्षरात ‘इंटरनॅशनल’ आहे. कुठल्या स्कीमखाली, ते नाही. १४७३१ मधे कामं आणि जबाबदाऱ्या दिल्यात, अमुक एकच सर्टिफिकेट पाहिजे असं नाही, त्यामुळे शेवटी क्लायंट काय मान्य करतो त्यावर आहे. हे मी जायच्या आधी एका मेलवर विचारू शकलो असतो. विचारलं नाही. काल रात्री क्लायंटला स्कॅन पाठवलाय, त्यांच्या क्यूएने (क्वालिटीवाल्याने) बघितलाय, उत्तर नाही. साहेबांना अजून हे सांगितलेलं नाही.

किट विकायचंय. ब्रिज कॅम आणि पानांचा सेट, बारा दिवस वापरलेला. पट्टी फुकट देईन. भिंग मात्र ठेवून घेतोय, तळटीपांना लागतं.