कोठीतली ज्वारी

आज सेलूजवळ मावशीकडे गेलो होतो. चुलीवरची मालदांडी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि घाण्याच्या करडई तेलात कालवलेली लसणाची चटणी. भाकरी टम्म फुगली, मावशीनं बोटानं पापुद्रा फोडला आणि वाफ निघाली. तो वास अजून नाकात आहे.

विचारलं, "मावशी, ज्वारी किती पेरली यंदा?"

"घरापुरती एकरभर बाबा. काढायला माणूसच मिळंना."

बाकी रानात खरिपाला सोयाबीन. शंभर-एक दिवसांत येतं, मशीनवर मळलं की पोती थेट अडतीवर. ज्वारीला चार महिने. उपटा, पेंढ्या बांधा, कणसं मोडा. भाव मिळेल याची खात्री नाही. त्यामुळे मावशीला मी कुठल्या तोंडानं बोल लावू?

पण गोठा बघून पोटात तुटलं. ज्वारी कमी झाली तसा कडबा गेला, कडब्याबरोबर बैलजोडी गेली, बैलांबरोबर शेणखत. आता दावणीच्या जागी युरिया आणि डीएपी या रासायनिक खतांच्या गोण्या रचलेल्या. 2023 साल जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात हीच ज्वारी सेंद्रिय म्हणून पाकिटातून महाग विकली जाते. ते पैसे या गोठ्यापर्यंत का पोचत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

निघताना पन्नास किलो घेतली, दुकानात देतो त्याच भावानं. मावशी पैसे घेईना, मग तिच्या डब्यात ठेवले. तिनं पोत्याचं तोंड शिवण्याआधी मूठभर कडुलिंबाचा पाला आत टाकला. "किडा लागत नाही," म्हणाली.