200 फुटांतले शेजारी

मागच्या नोव्हेंबरात पोस्टमनने दारावर सही घेतली आणि पोचपावतीचं हिरवं कार्ड चिकटवलेलं एक जाड पाकीट हातात दिलं. परदेशात सहीचं पाकीट आलं की पोटात गोळाच येतो, व्हिसाचं असेल का टॅक्सचं, म्हणून उभ्या उभ्याच फोडलं. आत नोटीस. आमच्या घरामागे जे शेत आहे, मका नि सोयाबीन घेतात त्यात, तिथं मोठं गोडाऊन बांधायचा अर्ज आलाय, अमुक दिवशी संध्याकाळी 7 ला सुनावणी आहे, नकाशे ऑफिसात ठेवलेत, बघून जा आणि बोलायचं असेल तर या.

मी न्यू जर्सीत राहते. हे अमेरिकेतलं राज्य आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून होतात त्यापेक्षा जरा लहानच, पण एवढ्याशा जागेत 564 नगरपालिका, आणि कुठल्या जमिनीवर काय बांधायचं हे बहुतेक त्यातली प्रत्येक स्वतः ठरवते. 1975 चा कायदा आहे इथला, त्यात असं की ज्याला नियमात सूट हवी त्याने जागेपासून 200 फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला स्वतःच्या खर्चाने कमीत कमी 10 दिवस आधी कळवायचं. सुनावणीच्या सुरुवातीला पहिला प्रश्न हाच असतो, सगळ्यांना कळवलं का, पुरावा दाखवा. त्यात चूक निघाली तर पुढचं काहीच ऐकत नाहीत, परत कळवून परत या. एक गोष्ट मात्र मला खटकते, हे पाकीट मालकाला जातं, भाडेकरूला नाही. आम्ही 6 वर्षं भाड्याने राहिलो, शेजारी काय काय बांधलं गेलं, आम्हाला कोणी विचारलं नाही की कळवलं नाही, जणू आम्ही तिथं राहतच नव्हतो.

सुट्टी टाकून नकाशे बघायला गेले. टेबलाएवढे मोठे कागद, पहिल्यांदा काही समजेना, मग तिथल्या बाईंनी रंग समजावून सांगितले. ट्रक मागे घेऊन लावायची जागा बरोबर आमच्या घरांच्या बाजूला, आणि पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा शेताच्या वरच्या टोकाला. आता मी इंजिनियर नाही, पण 2021 मध्ये आयडा वादळ आलं तेव्हा त्या शेतातलं पाणी आमच्या मागच्या अंगणात गुडघाभर होतं, आणि ते खालच्या टोकाकडून आलं होतं. फोटो होते माझ्याकडे. मी ते दुकानातून मोठे छापून आणले.

सुनावणीचा हॉल म्हणजे आपल्या पंचायत समितीच्या सभागृहासारखाच, खुर्च्या तेवढ्या बऱ्या. समोर अर्जावर मत देणारी सात माणसं, आमच्या गावात त्यांना पगार नाही, दिवसभर आपापली कामं करून रात्री येऊन बसतात. अर्जदाराकडून वकील, त्याच्यामागे इंजिनियर, ट्रॅफिकवाला, प्लॅनर, सगळ्यांना आधी शपथ. आणि त्यांचं प्रत्येकाचं बोलणं झालं की मागे बसलेल्या लोकांतून कोणीही उठून त्यांना प्रश्न विचारू शकतं. ट्रॅफिकवाल्याने सांगितलं की सकाळी इतक्याच गाड्या वाढतील, तर मागून एक म्हातारे गृहस्थ उठले, म्हणाले तुम्ही मोजणी कुठल्या तारखेला केली, ती शाळेच्या सुट्टीत होती का? ती खरंच सुट्टीत होती. परत मोजायला लावली.

तिसऱ्या तारखेला माझा नंबर आला. घशाला कोरड पडलेली, इंग्रजी रोज बोलते तरी तिथं शब्द सापडेनात. मला पण शपथ दिली, फोटोंवर नंबरचं स्टिकर लावलं, ते रेकॉर्डला गेले, आणि मी फक्त पाण्याचं बोलले. शांतता जाईल, हिरवळ जाईल असं बरेच लोक बोलत होते, ते खरंही होतं, पण सात जण मान हलवून पुढे जात होते. फोटो बघून त्यातल्या एकाने इंजिनियरला विचारलं, खड्डा वर का? त्यानंतर वीस मिनिटं त्यावरच चाललं.

मत पडलं तेव्हा 4 बाजूने, 3 विरोधात. मला वाटलं गेलं सगळं. पण ती जमीन राहण्यासाठी ठरवलेली, तिचा वापरच बदलायचा असेल तर सातपैकी 5 मतं लागतात, साधं बहुमत चालत नाही. अर्ज नामंजूर. ते लोक कोर्टात जाऊ शकतात, जातीलही, पण आज तरी तिथं मका आहे.

हे सगळं गोड गोड नाही हं. ह्याच हॉलमध्ये मी दुसऱ्या एका रात्री लोकांना स्वस्त घरांच्या बिल्डिंगला विरोध करताना ऐकलंय, तेव्हा पण पाणी नि ट्रॅफिकच पुढे करत होते आणि पोटात होतं की कसली माणसं येतील इथं. ह्याच राज्यातल्या माउंट लॉरेल गावाच्या केसमध्ये 1975 ला इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की जमिनीचे नियम करून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. तरी 50 वर्षांनी तेच चाललंय आणि मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

नानांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "तुले बोलू दिन्हं का त्यास्नी?" दिलं म्हटलं, पाच मिनिटं. नाना गप्पच झाले. आम्ही धुळ्याच्या जुन्या भागातले, गल्ली नंबर 1, 2, 3 अशा आखीव गल्ल्या, 1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठिकाण केलं आणि पेठ आखून वसवली. आखणी चांगलीच होती, पण कोणाला विचारून? आता तर आपल्याकडे 1966 पासून कायदा आहे, विकास आराखडा आला की त्याच्यावर हरकती-सूचना मागवतात, लेखी दिली तर सुनावणीला बोलावतात. फक्त ती नोटीस दारावर येत नाही, राजपत्रात नि पेपरात येते, बारीक अक्षरात, आणि आपण ते पान उलटून टाकतो. आमच्या घरी पण उलटायचोच. गावाकडे ग्रामसभा असते 1 मे ला, 2 ऑक्टोबरला, तिथं किती बाया बोलतात ते तुम्हीच बघा.

फुईच्या, म्हणजे आत्याच्या, कॉलनीत, तालुक्याच्या गावी, मधोमध एक मोकळी जागा आहे. कोणीतरी तिला तारेचं कुंपण घातलं, आणि अकरा वर्षं सगळ्यांना वाटत होतं की तो कोणाचातरी प्लॉट असेल. जमिनीचे प्लॉट पाडून लेआउट करताना ओपन स्पेस, म्हणजे सगळ्यांसाठीची मोकळी जागा, सोडावाच लागतो, आताच्या 2020 च्या नियमावलीतसुद्धा मोठ्या लेआउटला 10 टक्के आहे. पण मंजूर नकाशा कॉलनीत एकानेही पाहिलेला नव्हता. मी नानांना म्हटलं, नक्कल तर काढा. माझ्या पाण्याच्या फोटोंचं त्यांनी मनावर घेतलं असावं, कारण दुसऱ्याच आठवड्यात एसटीने गेले, दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला नक्कल मिळाली.

परवा व्हॉट्सॲपवर फोटो आला. जुना पिवळा पडलेला नकाशा फुईच्या ओट्यावर पसरलाय, चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवल्यात उडू नये म्हणून, मधला तुकडा हिरवा रंगवलेला आणि त्यावर 'ओपन स्पेस' लिहिलंय. फुईने त्यावर बोट ठेवलंय, हातातल्या बांगड्या पण आल्यात फोटोत. खाली नानांचा मेसेज, 14 घरांच्या सह्या झाल्या, सोमवारी अर्ज देतो.