पाणी किती आलंय?

सांगलीत जुलै उजाडला की रस्त्यात भेटलेलं माणूस 'बरं आहे का?' असं विचारत नाही. 'पाणी किती आलंय?' असं विचारतं. उत्तर फुटांत द्यायचं आणि कुठलं पाणी ते सांगायची गरज नाही. १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णा जेवढी असेल, तेवढं पाणी. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. इथल्या शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात.

२००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्याही वर गेलं. आमच्या गावभागात बऱ्याच घरांनी २००५ ची खूण धरून सामान वर चढवलं होतं. सासूबाईंनी भिंतीवर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथपर्यंत आलं होतं, त्याच्यावर ठेवा." आम्ही ठेवलं. पाणी त्याच्याही वर गेलं.

मी शिवणकाम करते. रस्त्याकडच्या खोलीत मशीनं, मागं आम्ही राहतो. त्या पुरात मशीनं गेली, ओव्हरलॉक गेलं, गहू-तांदूळ गेले. वाईट वाटलं, पण वस्तू हळूहळू परत घेता आल्या. माझ्या जिवाला लागले ते गिऱ्हाइकांचे कपडे. श्रावण नुकताच लागलेला, गौरी-गणपतीची शिलाई हातात होती. कापलेली ब्लाउजं, फॉल लावायला आलेल्या साड्या आणि त्याहून जास्त म्हणजे मापाची ब्लाउजं. बाई आपलं सगळ्यात अंगासरशी बसणारं जुनं ब्लाउज मापाला देते, आणि ते परत मिळणार हे धरूनच देते. चिखलातून पिशव्या काढल्या तेव्हा कोणतं कुणाचं ते ओळखता येत होतं, पण हातात देण्यासारखं एकही राहिलं नव्हतं. एकेकीला फोन करून सांगितलं. एकही बाई मला रागानं बोलली नाही. एक जण म्हणाली, "अगं, तुम्ही सगळे सुखरूप आहात ना?" आणि फोनवर मला पहिल्यांदा रडू आलं.

पूर ओसरला, घर धुतलं, भिंती वाळल्या. पुढच्या पावसाळ्यात मात्र मला कळेना की आपल्याला होतंय काय. पत्र्यावर पाऊस वाजला की जाग यायची आणि हात आधी फोनकडं जायचा. कोयनेतून विसर्ग किती, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढं किती सोडतायत, आयर्विनला किती. कोयना धरण १०५ टीएमसीचं, ते किती भरलं हे मला घरातल्या किराण्याच्या हिशेबापेक्षा चोख सांगता यायचं. ग्रुपवर आकडा आला की छाती जरा मोकळी व्हायची, आणि पुन्हा थोड्या वेळानं तोच आकडा बघावासा वाटायचा. २०२१ च्या जुलैत पाणी परत ५० च्या वर गेलं आणि माझ्या मनानं ठरवूनच टाकलं की आता हे दरवर्षीचं.

लोक म्हणायचे, झालं गेलं विसरा, देवाचं नाव घ्या. मी गणपती मंदिरात जाते, मनापासून जाते, तिथं शांतही वाटतं. पण घरी येऊन पाऊस लागला की पोटात तोच गोळा. हे यांना सांगायलाही संकोच वाटायचा. हे मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतात, यांच्या डोक्याला वेगळे व्याप. शेवटी मुलीनंच एक दिवस नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. १४४१६, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ही सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसा-रात्री कधीही लावता येतो, आणि मराठीत बोलता येतं. मला वाटत होतं हा नंबर फार मोठं दुखणं असलेल्यांसाठी असेल. तसं नाही. पलीकडच्या ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घाई केली नाही.

त्यांनी एक प्रश्न विचारला, "आकडा कळल्यावर तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, काही नाही, परत बघते.

मग त्यांनी समजावलं की आकडा बघितल्यावर जो क्षणभर सुटकेचा वाटतो, त्याच्यामुळंच मन पुन्हा पुन्हा बघायला लावतं. तेवढी सुटका त्याला पुरत नाही. आणि ज्या बाईचं घर बुडालंय तिनं पाण्याकडं लक्ष ठेवणं यात वेडेपणा काही नाही, भीती पूर्ण जावी अशी अपेक्षाच धरू नका, असंही म्हणाल्या. हे दुसरं वाक्य मला औषधासारखं लागू पडलं. तोवर मी भीतीशीही झगडत होते आणि भीती वाटते म्हणून स्वतःशीही.

त्यानंतर मी आणि मुलीनं बसून एक कागद केला. तो आता मशीनच्या वर भिंतीला लावलेला आहे. ३० फूट: कागदपत्रांची पिशवी आणि आईंची, म्हणजे सासूबाईंची, महिन्याची औषधं दाराजवळ. ३५ फूट: तयार कपडे फोन करून देऊन टाकायचे, नवीन शिलाई घ्यायची नाही, मापाची सगळी ब्लाउजं नाव लिहून नणंदेकडं विश्रामबागला. ३८ फूट: मशीनची हेडं उतरवायची, आईंना विश्रामबागला पोचवायचं. ४० फूट: गॅस बंद, मेन स्विच बंद, आम्ही निघायचं, रात्र असली तरी. आकडा सकाळी एकदा आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर एकदा बघायचा. ३५ च्या पुढं मुलगी बघणार आणि मला फक्त कागदावरचं काम सांगणार.

यातली मापाच्या ब्लाउजांची ओळ लिहिताना मला फार वेळ लागला. पण लिहून झाल्यावर जे वाटलं, ते पुरानंतर पहिल्यांदाच वाटलं.

सगळं जागेवर आलं असं मी म्हणणार नाही. २८ फुटांना मन ५७ ची चित्रं काढतंच. पण आता मला त्याला विचारता येतं, २८ ला कागदावर काय लिहिलंय? काहीच नाही. मग मी पुढचं ब्लाउज कापायला घेते. एका वर्षी पाणी ३५ च्या पुढं आलं तेव्हा मी खरोखर पिशव्या भरल्या, रिक्षा बोलावली, देऊन आले. पाणी नंतर उतरलं. शेजारी म्हणाले, उगाच धावपळ केलीत. मला ती उगाच वाटली नाही. त्या रात्री मी गाढ झोपले होते.

रात्री जाग आलीच तर मी अंथरुणात पडून राहत नाही. उठते, दिवा लावते आणि ब्लाउजांना हुक लावायला घेते. ताईंनी श्वास सोडताना सावकाश, लांब सोडायला सांगितलं होतं. ते नुसतं बसून मला जमत नाही, टाक्याबरोबर जमतं. सुई ओढताना सोडायचा.

आईंचं मात्र वेगळं आहे. त्यांना कागद नको असतो, त्यांना बोलायचं असतं. कुठल्या सालात पाणी कुठवर आलं, कुणाची म्हैस कशी वाचवली, कोण नावेतून कुणाला घेऊन गेलं. आधी मला ते ऐकवायचं नाही, मी उठून जायचे. आता पाऊस लागला की मी काजं करत त्यांच्याजवळ बसते. त्यांच्या गोष्टीत शेवटी माणसं घरी परततात, घर धुतात आणि चूल पेटवतात. हा भाग त्या कधीच गाळत नाहीत.

मागच्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या काकू कागद बघायला आल्या. त्यांचं घर आमच्यापेक्षा उतारावर आहे आणि त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं माझे आकडे त्यांना चालणार नाहीत. त्यांना उचलून न्यायला चार माणसं लागतात आणि ती उजेडातच मिळतात. म्हणून त्यांच्या कागदावर आम्ही निघायचं ३० फुटांवर लिहिलं, चौघांचे फोन नंबर त्याच्याखाली लिहिले, आणि त्यातल्या दोघांशी काकू तिथंच बसून बोलल्या.