बिल, क्लेम आणि चौथी वेळ

"होम पेजचं डिझाइन कधी दाखवताय?" हॉस्पिटलच्या प्रशासकांनी बसल्या बसल्याच विचारलं. हॉस्पिटलची वेबसाइट नव्यानं करायचं काम माझ्याकडे होतं. मी बॅगेतून कार्डांचा गठ्ठा काढला, तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

जुन्या साइटचा मेन्यू म्हणजे ऑफिसातल्या विभागांची यादीच: प्रशासन, लेखा, नर्सिंग, विमा कक्ष. नव्या साइटवरही त्यांना तोच हवा होता, फक्त चकचकीत. मी एकेका कार्डावर एकेक विषय लिहून आणला होता. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगितलं, जे एकत्र असावंसं वाटतं त्याचे गठ्ठे करा, नावंही तुम्हीच द्या. आमच्या धंद्यात याला ओपन कार्ड सॉर्टिंग म्हणतात.

'डिस्चार्जची कागदपत्रं', 'बिल' आणि 'विम्याचा क्लेम' ही कार्डं जवळपास सगळ्यांनी एकत्र ठेवली. एका आजोबांनी वर लिहिलं, 'घरी जाताना'. हॉस्पिटलात ही तीन कामं तीन वेगळे साहेब बघतात. लेखाप्रमुख उसळले, "आमचं बिल त्यांच्या पानावर कसं?"

वाद रंगात आलेला असताना मी एक्सेल उघडलं. प्रत्येक जुन्या पानाचा पत्ता, मजकूर कोणाचा, शेवटचा बदल कधी, ही मोजदाद रचनेआधी करावीच लागते. काम कंटाळवाणं, पण खरी भानगड तिथेच सापडते. हाडांच्या ओपीडीच्या वेळा तीन पानांवर होत्या आणि तिन्ही वेगळ्या. "यातली बरोबर कुठली?" कोणी बोलेना. शेवटी ओपीडीत फोन लावला, तर चौथीच वेळ कळली!

मग सूर बदलला. वेळ एकाच जागी नोंदवायची, बाकीच्या पानांवर ती तिथूनच येईल, असं ठरलं. एक्सेलमध्ये 'जबाबदार कोण' हा रकाना वाढवला. तो रिकामा असेल तर ते पान नव्या साइटवर नाही. माझ्या मते वेबसाइटची निम्मी भांडणं या एका रकान्यात असतात.

लेखाप्रमुखांची समजूत मात्र ट्री टेस्टनं पटवली. रंग नाही, चित्र नाही, नुसता मेन्यूचा सांगाडा; आणि प्रश्न, "क्लेमचा फॉर्म कुठे शोधाल?" बहुतेक जण थेट 'घरी जाताना'त शिरले. साहेब मागे उभे राहून बघत होते. "बरं, पण बिलाच्या शंकांना फोन नंबर आमचाच द्या," म्हणाले. दिला.

राहता राहिले जुने पत्ते. काही डिस्चार्ज कार्डांवर छापलेलेच होते, म्हणून प्रत्येकाला 301 रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय, लावायची यादी त्याच एक्सेलमध्ये, शेजारच्या रकान्यात केली.