सबब गवत काढून टाकावे

‘डायनासोरच्या काळात गवत नव्हते. सबब चित्रातील गवत काढून टाकावे.’

या दोन ओळींच्या पत्रापायी माझे अकरा आठवडे गेले. पत्राला जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता. सही कुणाची ते अजून कळलेलं नाही.

काम पुण्यातलंच. एका संस्थेच्या विज्ञान दालनासाठी 12 फूट बाय 5 फूट चित्र. ‘टी-रेक्स टाका, मुलांना तोच आवडतो,’ असं आधी सुचवलं गेलं. तो उत्तर अमेरिकेतला, आपल्या राज्यातला काढू या, असं म्हणून मी चंद्रपूरचा इसिसॉरस पुढे केला. डोंगरगावला सापडलेला, टायटनोसॉर गटातला शाकाहारी. 1997 मध्ये त्याचं वर्णन झालं, 2003 मध्ये हे नाव मिळालं, तेही कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. विषय मान्य झाला, कोटेशन मान्य झालं, पहिला हप्ताही आला. यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

सांगाड्यापासून सुरुवात करण्यातही मजा आली. त्याच्या दंडाचं हाड 148 सेंटिमीटर. आईला भिंतीला टेकून उभं केलं आणि डोक्यावर पेन्सिलीने खूण केली, तर जवळजवळ तेवढीच. ‘म्हणजे त्याचा नुसता दंड माझ्याएवढा?’ आईने विचारलं आणि मग दिवसभर फोनवर सगळ्यांना तेच सांगत बसली. पुढचे पाय असे लांब, म्हणून पाठ मागे उतरती. मान आखूड आणि वर उचललेली. हाडं, मग स्नायू, मग कातडी.

आणि मग मी पायाखाली गवत काढलं.

ते मनाने काढलं नव्हतं. डोंगरगावच्याच परिसरातल्या पिसदुऱ्याला दगड झालेलं शेण सापडतं. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं, त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले आणि 2005 मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. गवत जमिनीतून सिलिका ओढतं, पेशींमध्ये काचेसारखे कण तयार होतात. गवत कुजतं, कण राहतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. त्याआधी गवताचे खात्रीचे अवशेष डायनासोर संपल्यानंतरचेच धरले जात. चित्र मंजूर करणाऱ्या समितीतल्या कुणीतरी तेव्हाचं वाचलेलं असणार. त्यात काही गैर नाही. गैर हे की, ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पहिल्या फेरीत साहेब रजेवर. दुसऱ्या फेरीत कळलं की असं तोंडी चालत नाही, लेखी अर्ज द्या. दिला. विषयाच्या ओळीत मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेबाबत’. आवकच्या ताईंनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘हे कुठल्या टेबलला पाठवू? स्वच्छतेला?’ (अर्जाचा विषय नेहमी कंटाळवाणा ठेवा. ‘चित्राच्या मंजुरीबाबत’ एवढं पुरतं.)

तिसऱ्या फेरीत शोधनिबंधाची प्रत जोडली. इंग्रजीत आहे, मराठी सारांश द्या. चौथ्या फेरीत सारांश दिला. यावर तुमची सही कशी, तज्ज्ञाची हवी. ‘फाइल समितीपुढे आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की, तिकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलं तरी ते कानात वाजायचं. समिती कधी बसते? कोरम झाला की. कोरम कधी होतो? यावर शिपायांनी हसून पंख्याकडे पाहिलं. तोवर कॅनव्हास घरच्या हॉलमध्ये आडवा. पाहुणे आले की आधी त्याला वळसा घालायचे. आई म्हणाली, ‘अगं, काढून टाक ना गवत. शेणावरून एवढं भांडण?’

इथेच एक सांगून ठेवते, कारण माझी चूक हीच झाली: रंगाला हात लावण्याआधी पेन्सिल रेखाटनावरच सही-शिक्का घ्या. मी रेखाटन मेलवर पाठवलं, ‘छान’ असं उत्तर आलं आणि त्यालाच मंजुरी समजले. ‘छान’ला जावक क्रमांक नसतो. आणि दुरुस्त्या दोनच, तिसरीला पैसे, हेही कोटेशनमध्येच लिहा.

दहाव्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. समितीतले एक सर, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. फाइल त्यांच्याकडे नुकतीच पोचली होती.

‘शेण पिसदुऱ्याचं ना?’

‘हो सर.’

‘निबंध पूर्ण वाचलात?’

‘हो,’ मी म्हटलं, जरा ताठपणेच.

‘मग एवढं कुरण कशाला काढलंत?’

मी गप्प. त्या शेणात गवताबरोबर ताडवर्गातल्या, सूचिपर्णी आणि इतरही झाडांचे अंश होते. प्राण्याने मिळेल ते ओरबाडलं होतं, त्यात थोडं गवतही. मी मात्र नव्या शोधाच्या उत्साहात क्षितिजापर्यंत हिरवं करून ठेवलं होतं, पावसाळ्यातल्या पठारासारखं. समितीचं कारण चूक होतं, पण चित्रही चूकच होतं. हे मान्य करायला मला आजही जड जातं. तेही अकरापैकी दहा आठवडे वाया गेल्यावर.

सरांनी त्याच फोनवर आणखी एक विचारलं, पुढच्या पायांना नखं काढलीत का? नव्हती काढली. टायटनोसॉरांच्या पुढच्या पायांना बोटं जवळजवळ उरलीच नव्हती, खांबासारखे टेकायचे. ‘बरं,’ म्हणाले. त्या ‘बरं’वर मी रात्रभर खूश होते. तुम्ही काढणार असाल तर लक्षात ठेवा, हत्तीच्या पायाची नक्कल इथेच फसते. मगरीच्या पाठीचीही. कात्रजला बसून मी मगरी रेखाटल्या होत्या खऱ्या, पण अर्जेंटिनात टायटनोसॉरच्या गर्भांच्या कातडीचे ठसे मिळालेत, त्यात गोल, एकमेकांवर न चढणारे खवले दिसतात. ते पाहिल्यावर मगरीची अर्धी रेखाटनं बाजूला ठेवली.

कुरण खरवडायला चार दिवस लागले. त्या जागी नेचे, ताडाची रोपं, मागे सूचिपर्णी झाडं आणि पाणथळ कडेला गवताचे तुरळक पुंजके. पुढच्याच आठवड्यात कोरम झाला. पत्रात लिहिलंय, ‘गवताचे आठ (8) पुंजके ठेवण्यास मान्यता देण्यात येत आहे.’

चित्र लावायच्या दिवशी तिथल्या माणसाने पत्र हातात धरून ते मोजले. नऊ भरले. एकावर मी तिथेच, शिडीवर उभं राहून, नेचा रंगवला.