गातूनचे तीन कक्ष, चार दोर आणि यॉटचा एजंट

मार्चमध्ये पनामातल्या कोलोन शहराजवळच्या शेल्टर बे मरिनात गेलात, तर कोट्यवधींच्या यॉटशेजारी जुन्या टायरांचे ढीग दिसतील, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. पनामा कालवा ओलांडताना छोट्या बोटी तेच फेंडर, म्हणजे धक्का सोसणाऱ्या उशा, म्हणून कडेला लटकवतात. आमची यॉट शिडाची, २८ मीटरची. तिच्या रंगाला टायर घासला की पॉलिशचा खर्च टायरच्या भाड्याच्या कित्येक पट. म्हणून आमच्या एजंटाने, म्हणजे यॉटची बंदरातली कामं बघणाऱ्या माणसाने, हवा भरलेले मोठे गोल फेंडर भाड्याने आणले आणि प्रत्येकावर कापडी खोळ चढवून दिली. ही खोळ विसरू नये. उघड्या रबराला वाळूचा कण चिकटला की तो कण रंगावर रंद्यासारखा फिरतो.

लक्झरी यॉटचा एजंट म्हटलं की लोकांना मालकाचं हेलिकॉप्टर, ताजी फुलं आणि रेस्तराँमधलं टेबल आठवतं. ती कामंही तो करतोच. पण पनामात एजंट निवडताना मी एवढंच विचारेन: दोर कसले देणार आणि दोर धरायला माणसं कोण देणार?

कागदपत्रांचं आधी उरकतो. इमिग्रेशन, देशात फिरण्याचा परवाना, मग कालवा प्राधिकरणाचा मोजणीदार. तो टेप घेऊन येतो आणि नाळेपुढे आलेला नांगर, मागे टांगलेली डिंगी, सगळं लांबीत धरतो. ब्रोशरमधली लांबी सांगून उपयोग नाही, कारण दर लांबीच्या टप्प्यावर ठरतो. मोजणी झाली की बोटीला जो क्रमांक मिळतो तो तिला कायम राहतो. एजंट स्वतःची हमी देतो, त्यामुळे अनामत रक्कम अडकून पडत नाही. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणाऱ्या कक्षात, कुठे उभं राहणार, हे याच वेळी लिहून द्यायचं असतं: मधोमध, टगला (जहाजं ओढणाऱ्या बोटीला) बांधून, की भिंतीला लागून. शिडाच्या बोटीने भिंतीला सरळ नकार द्यावा. काँक्रीट खडबडीत आहे, आणि पाणी उसळून बोट कलली की डोलकाठीचे आडवे दांडे भिंतीवर आपटतात.

मग तारखेची वाट. पॅसिफिककडे जाणाऱ्या बोटींची फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात गर्दी असते आणि तारीख पुढे सरकते. शेल्टर बेला थांबणं मला तरी सुखाचं वाटत नाही. ही जागा म्हणजे अमेरिकन लष्कराचा जुना फोर्ट शेरमन. भोवती जंगल, दमट उकाडा, संध्याकाळी डास. कोलोन शहरात पायी भटकू नका, टॅक्सीनेच जा. या दिवसांत चांगला एजंट खरेदी थोपवून धरतो. पाहुण्यांसाठीची भाजी, मासे, चीज तो पनामा सिटीतल्या शीतगृहात ठेवतो आणि पायलटची, म्हणजे कालव्यातून बोट नेणाऱ्या वाटाड्याची, वेळ पक्की झाल्यावरच गाडी सोडतो. शेजारच्या एका यॉटवर माल आधीच आला आणि तारीख सरकली. फ्रिज भरले, उरलेली पालेभाजी टाकून द्यावी लागली. सुट्या भागांचंही तसंच. वॉटरमेकरचा (खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या यंत्राचा) भाग तोकुमेन विमानतळावर येणार असेल, तर इन्व्हॉइसवर यॉटचं नाव, झेंड्याचा देश आणि ‘यॉट इन ट्रान्झिट’ असं हवं. कॅप्टनच्या वैयक्तिक नावाने पार्सल आलं तर ते आयात म्हणून धरलं जातं आणि ड्यूटीच्या घोळात अडकतं.

१२५ फुटांच्या आतल्या बोटीला कालव्यात किमान १२५ फुटांचे चार दोर लागतात, २२ मिलिमीटर जाडीचे, एका टोकाला मोठा फास असलेले. शिवाय कॅप्टन सोडून ते धरणारी चार माणसं. आमच्याकडे खलाशी पुरेसे होते, तरी एजंटाने कोलोनचे दोन दोरवाले घ्यायला लावले, आणि ते अगदी योग्य होतं. आपले खलाशी धक्क्याला बोट बांधण्यात तरबेज असतात. इथे मात्र भिंत डोक्यावर आठ-नऊ मीटर असते आणि दोर आडवा न ओढला जाता वर खेचला जातो. म्हणूनच इथून जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर वरून बंद असलेले ‘पनामा चॉक’ बसवतात; चॉक म्हणजे दोर कडेवरून बाहेर जाण्याची खाच. यॉटचे चॉक बऱ्याचदा वरून उघडे असतात. दोर त्यातून उसळून निघाला की कठड्याचे खांब वाकवतो. आमच्या उघड्या चॉकवर एजंटाच्या माणसाने आदल्या दिवशी आडवी दोरी घट्ट आवळून ते बंद केले. भाड्याचे दोर निळे, पॉलिप्रोपिलीनचे, कडक. ओले झाले की क्लीटवरून, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवरून, सरकतात, तेव्हा आधी एक पूर्ण वेढा आणि मग बाकीचं.

संध्याकाळी पायलट चढला. जगातल्या बहुतेक बंदरांत पायलट सल्ला देतो आणि ताबा कॅप्टनकडे राहतो. पनामात ताबाच पायलटकडे जातो. त्याला गरम जेवण, सीलबंद पाण्याची बाटली आणि बसायला सावली द्यावीच लागते. जेवण नीट नसेल तर तो बाहेरून मागवतो आणि त्याचं बिल यॉटला लागतं.

गातूनला, म्हणजे कालव्याच्या अटलांटिककडच्या तीन कक्षांच्या लॉकला, आमच्यापुढे एक मालवाहू जहाज होतं. चढताना मोठं जहाज पुढे आणि यॉट मागे असते. कक्ष ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब, त्यात आम्ही मधोमध. भिंतीवरून चार माणसं बारीक दोरी फेकतात, टोकाला मूठभर वजनदार गाठ असते. ती काचेवर बसली तर काच तडकते. डेकवरच्या काचा, सोलर पॅनल आणि व्हीलहाऊसच्या खिडक्यांपुढे आधीच गाद्या लावल्या होत्या. बारीक दोरी आपल्या दोराच्या फासाला बोलाइन गाठीने बांधायची; ते फास वर ओढून खुंटाला अडकवतात.

दरवाजे बंद झाले आणि तळाच्या भोकांतून पाणी आलं. एकही पंप नाही, वरच्या तळ्याचं पाणी उतारानेच येतं, १९१४ पासून असंच. मिनिटाला जवळजवळ एक मीटर पाणी चढतं. खालून घुसळण एवढी, की ऐंशी टनांची बोट आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे ओढली जाते. चारही दोर सारखे घ्यावे लागतात. एक जरी सैल राहिला तरी बोट तिरकी होते, आणि तिरकी झालेली बोट निव्वळ हाताच्या जोराने सरळ होत नाही. मागच्या डाव्या दोरावर कोलोनचा दोरवाला होता. तो दोराकडे बघतच नव्हता. त्याची नजर भिंतीवरच्या ओल्या रेघेवर होती. ती जितकी बुडे तितका दोर तो आत घेई, क्लीटवरचा वेढा न सोडता, बोटं क्लीटपासून हातभर लांब ठेवून. आमचा डेकहँड पहिल्या कक्षात दोराशी झटत होता. तिसऱ्या कक्षात तोही रेघ बघू लागला.

पाणी भरल्यावर सैल व्हायचं नाही. पुढचं जहाज इंजिन चालवतं आणि त्याच्या पंख्याचा लोट सरळ यॉटवर येतो. तो ओसरेपर्यंत पुढचे दोर ताठ हवेत. घाईने दोर सोडणाऱ्या बोटी इथेच आडव्या होतात. मग भिंतीवरची माणसं फास काढतात, बारीक दोरी हातातच ठेवतात आणि आपल्याबरोबर पायऱ्या चढत पुढच्या कक्षापर्यंत चालत येतात.

रात्री गातून तळ्यात, समुद्रापेक्षा २६ मीटर उंचीवर, बोयाला बांधून झोपलो. पाण्यात उतरायचं नाही, मगरी आहेत. काही यॉटवर दोरवाल्यांना डेकवर सँडविच देऊन उघड्यावर झोपवतात, ते मला मुळीच पटत नाही. ज्यांच्या हातात बोट आहे त्यांना गरम जेवण, कोरडी जागा आणि चादर मिळालीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशीचं उतरणं सोपं. पेद्रो मिगेलला एक पायरी, मिराफ्लोरेसला दोन, पाणी शांत. उतरताना यॉट पुढे असते आणि जहाज मागे. सांभाळायचं ते शेवटचा दरवाजा उघडल्यावर: गोडं आणि खारं पाणी मिसळताना प्रवाह सुटतो, म्हणून मागचे दोर शेवटपर्यंत हातात ठेवावेत.

पॅसिफिककडे भरती-ओहोटीचा फरक पाच-सहा मीटरपर्यंत जातो. आम्हाला पुढे गालापागोसला जायचं होतं. तिथे यॉटला स्थानिक एजंट सक्तीचा आहे, आणि पोहोचताच पाणबुडे तळ तपासतात. तळाला चिकटलेले शिंपल्यासारखे जीव किंवा शेवाळ सापडलं तर बोट बाहेर खोल समुद्रात परत पाठवतात. पनामाच्या एजंटाने तळ घासून घेतला, पाण्याखालचे फोटो तारखेसह दिले, धुरीकरणाचा दाखला आणि निघण्याचा परवाना, म्हणजे झारपे, हातात ठेवला. घासताना पाणी आत घेणाऱ्या जाळ्या, पंख्याचा दांडा आणि सुकाणूच्या वरची फट हटकून राहून जाते, तेव्हा त्यांचे फोटो वेगळे मागून घ्या. आणि आपल्याकडच्या पोरांनी यलो फीव्हरचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवावं. पनामाहून सहा दिवसांच्या आत कार्डाविना भारतात उतरलात तर क्वारंटाइनमध्ये बसवतात, आणि त्यात एजंटही काही करू शकत नाही.